टोळीबरोबर आलेल्या मुलांची शाळा : गावच्या तरुणांनी हाती घ्यावे असे काम



गळीत हंगाम जवळ आला की आपले प्रश्न ठरलेले असतात. टोळ्या किती आल्या, आमच्या गटात तोड कधी सुरू होणार, नोंदीप्रमाणे पाळी कधी येणार. या प्रश्नांना उत्तरे देणे हे आमच्या शेतकी खात्याचे कामच आहे. या लेखात मात्र टोळीबरोबर दरवर्षी येणाऱ्या, पण आमच्या कोणत्याही रजिस्टरात नोंद नसणाऱ्या मंडळींविषयी लिहायचे आहे. ती म्हणजे ऊसतोडणी कामगारांची मुले. आणि लिहायचे आहे ते मुख्यतः आपल्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींसाठी. तेव्हा आपले वाचून झाले की हा अंक त्यांच्या हाती द्यावा, ही विनंती.

या मुलांचे वर्ष कसे जाते?

बीड, अहिल्यानगर, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोड करायची. घरी म्हातारी माणसे धडधाकट असली तर मुले गावी राहतात, नाहीतर भांड्याकुंड्यांबरोबर तीही ट्रॅक्टरमध्ये बसतात. जूनमध्ये गावच्या शाळेत नाव घातलेले मूल नोव्हेंबरात आपल्या कार्यक्षेत्रात येते आणि मार्च-एप्रिलात परत जाते. म्हणजे शाळेचे जवळजवळ निम्मे वर्ष कोपीत जाते. तिकडच्या हजेरीपटावर ते गैरहजर, इकडच्या हजेरीपटावर त्याचे नावच नाही.

त्यात आणखी एक गोष्ट आड येते. टोळ्या येतात त्याच सुमारास शाळांना दिवाळीची सुट्टी असते. पहिल्या पंधरवड्यात शाळेचे दार बंद. शाळा उघडते तोवर मुलाला कामे लागलेली असतात. थोरल्या मुलीने धाकट्याला सांभाळायचे, पाणी भरायचे, चूल बघायची. मुलाने बैलांना वाढे टाकायचे, मोळ्या बांधायला मदत करायची. आईबाप पहाटे फडात जातात आणि गाडी भरून परत यायला किती वाजतील ते त्यांनाही सांगता येत नाही. सकाळी दहा वाजता मुलाचा हात धरून शाळेत नेणारे घरात कोणीच नसते.

असे दोन-तीन हंगाम गेले की वाचन मागे पडते. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा जड जातो. बरोबरीची मुले पुढे गेलेली, लहान मुलांत बसायची लाज वाटते. बारा-तेराव्या वर्षी शाळा सुटते आणि मूल फडात उतरते. मुलगी असेल तर लग्नाची घाई होते, कारण जोडी झाली की नवा कोयता आणि नवी उचल. अशा रीतीने आईबापाचा कोयता मुलाच्या हाती येतो. हे आपल्याच बांधावर घडते.

तरुणांनीच का करावे?

शाळेत गुरुजी आहेत, बाई आहेत, शासनाच्या योजना आहेत, मग आमच्या मुलांनी काय करायचे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे.

पहिली गोष्ट अशी की फडावरचा मुलगा गुरुजींना बिचकतो, मुकादमाला भितो. पण आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलाशी पहिल्याच दिवशी बोलतो. क्रिकेटचा चेंडू लागतो तेवढाच. तेरा-चौदा वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही याचे खरे कारण ती पुरुष अधिकाऱ्याला सांगणार नाही. अकरावी-बारावीतल्या ताईला मात्र सांगेल. बरोबरीच्याने सांगितलेले लवकर पटते, हे आपण शेतीतही पाहतो. आम्ही शेतकी खात्याच्या माणसांनी चार वेळा सांगून जे होत नाही ते शेजारच्या शेतकऱ्याचा प्लॉट पाहून होते.

दुसरी गोष्ट, ही मुले गावातच असतात. बाहेरची संस्था येईल आणि जाईल. गावचा मुलगा संध्याकाळी तेथेच असतो. टोळी पांदीपलीकडे उतरली की सांजेपर्यंत त्याला कळते.

तिसरी गोष्ट, वय लहान म्हणून काम लहान असते असे नाही. १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंचे वय १७ वर्षांचे होते आणि जोतीराव जेमतेम विशीत होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था सुरू केली व पुढे १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि वसतिगृहाची कामे आपल्या हातांनी करीत. शिकणाऱ्याने बरोबरच्याला सांभाळून घ्यायचे, ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही.

सात दिवसांचे शिबिर की पाच महिन्यांचा वर्ग?

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपण जिला एन.एस.एस. म्हणतो ती, गांधी शताब्दीच्या वर्षी २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थी घेऊन सुरू झाली. आज ती कनिष्ठ महाविद्यालयांतही आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि एका सात दिवसांच्या विशेष शिबिराला जावे, अशी तिची रचना आहे. शिबिरात मुले गावात राहतात, रस्ता साफ करतात, झाडे लावतात, शोषखड्डे घेतात. ती कामे चांगलीच आहेत. पण तोडणी कामगारांच्या मुलांना सात दिवसांचा उपयोग थोडा. एक दिवस जाऊन वह्या-पेन्सिली वाटल्या, ओळीत उभे करून फोटो काढला, त्याने कोणी वाचायला शिकत नाही. उसाला हंगामातले सगळे पाणी एका दिवशी देऊन भागत नाही. पाळीने द्यावे लागते. मुलाचेही तसेच आहे.

आता हिशेब मांडून पाहू. हंगाम १५० दिवसांचा धरला आणि टोळीच्या तळावर रोज संध्याकाळी दीड तास वर्ग घेतला तर २२५ तास होतात. एका वेळी दोघे हजर पाहिजेत, म्हणजे ४५० तास. एका स्वयंसेवकाचे १२० तास असले तरी त्यांतले काही प्रशिक्षणात व कॉलेजच्या आवारातल्या कामात जातात. प्रत्यक्ष गावासाठी ६०-७० तास उरतात असे धरले तर सात मुला-मुलींचा गट एक तळ संपूर्ण हंगामभर सांभाळू शकतो. प्रत्येकाची पाळी आठवड्याला दोनदा येते. म्हणजे परीक्षेच्या वर्षातल्या मुलालाही हे जड नाही.

आणि जेथे एन.एस.एस. नाही तेथे तरुण मंडळ आहेच. गणपतीची वर्गणी गोळा करणारी, मांडव घालणारी, रात्र-रात्र जागणारी पोरे प्रत्येक गावात आहेत. गणपती उठले की दोन महिन्यांत टोळ्या येतात. वर्गणीतून उरलेल्या पैशात दिवा, फळा, खडू, सतरंजी आणि गोष्टीची पुस्तके सहज बसतात.

कामाची रीत

आम्ही उसाची नोंद घेतो, पाहणी करतो, मग तोडीचा कार्यक्रम लावतो. या कामालाही तशीच शिस्त लावली तर ते टिकते.

१) पुढारी ठरवा. सातजणांत एक मुलगा व एक मुलगी असे दोन प्रमुख असावेत आणि ते मुलांनीच निवडावेत. सरपंच, संचालक किंवा आम्ही नेमलेला प्रमुख चालत नाही. त्यांना वाटते काम साहेबांचे आहे.

२) पाहणी करा. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत तळावर जाऊन एका वहीत नोंद घ्यावी : मुलाचे नाव, वय, मूळ गाव, तिकडची शाळा व इयत्ता, आईबापांची नावे, मुकादमाचे नाव, आल्याची तारीख. सहा वर्षांखालील मुलेही लिहावीत, कारण धाकटे अंगणवाडीत गेले तरच थोरली शाळेत जाऊ शकते. शाळेचे कुलूप बहुतेक वेळा या ठिकाणी अडकलेले असते.

३) तळाचा प्रकार ओळखा. गाडी सेंटरची कुटुंबे बैलगाड्यांसह बहुधा कारखान्याजवळ एका जागी हंगामभर राहतात. तेथे वर्ग स्थिर चालतो. डोकी सेंटरच्या टोळ्या मात्र गावात उतरतात, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरतात आणि तेथील तोड संपली की दुसऱ्या गावी हलतात. अशा टोळीचे मूल एका शाळेत रुजते न रुजते तोच उठते. येथे आमच्या खात्याचा उपयोग करून घ्यावा. टोळी पुढे कोणत्या शिवारात जाणार हे गट ऑफिसला व चिटबॉयला आधी ठाऊक असते. एका गावच्या गटाने वहीचे पान पुढच्या गावच्या गटाकडे द्यावे, म्हणजे मूल तुटत नाही.

४) आधी शाळा, मग वर्ग. संध्याकाळचा वर्ग ही शाळेची बदली नव्हे. सुट्टी संपल्याच्या पहिल्याच दिवशी मुलांना घेऊन गावच्या शाळेत जावे व नाव दाखल करावे. पुढचे पंधरा दिवस सकाळी कोणीतरी तळावर जाऊन त्यांना शाळेपर्यंत पोहोचवावे. एकदा वाट पडली की मुले आपण होऊन जातात. शाळेत दुपारी पोषण आहार मिळतो, हेही आईला सांगावे. फडात गेलेल्या आईला दिवसभर तीच चिंता असते.

५) वर्गात काय शिकवावे? इयत्ता विचारू नये, वाचून घ्यावे. अक्षरे ओळखतो तो एक गट, शब्द वाचतो तो दुसरा, गोष्ट वाचतो तो तिसरा. अर्धा तास वाचन, अर्धा तास हिशेब, अर्धा तास खेळ व गोष्टी. हिशेब जवळचाच घ्यावा : किती मोळ्या, किती टन, किती उचल फिटली. बापाच्या पावतीवरचे आकडे मुलगी वाचून दाखवू लागली की बापच तिला वर्गाला धाडतो. बंजारा तांड्यावरच्या मुलांची घरची बोली गोरमाटी असते, त्यांच्या उच्चाराला हसू नये. उलट दोन-चार शब्द त्यांच्याकडून शिकावेत.

६) जपणूक. वर्ग उघड्यावर, सर्वांच्या नजरेसमोर घ्यावा. नेहमी दोघे असावेत व त्यांत एक मुलगी असावी. अंधार पडण्यापूर्वी मुलींना घरी पोहोचवण्याची जबाबदारी गटाची. आईबापांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो घेऊ नयेत. ट्रॉल्यांच्या वाटेवर व विहिरीच्या काठाजवळ वर्ग बसवू नये. मारहाण झाली, बालविवाहाची बोलणी कानावर आली, तर मुलांनी आपण भांडण काढू नये. गुरुजींना, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला सांगावे किंवा १०९८ या फोनवर कळवावे.

७) निरोप देताना. टोळी परत निघण्याआधी शाळेतून हजेरीचा व अभ्यासाचा कागद मागून घ्यावा आणि मूळ गावच्या मुख्याध्यापकांना फोन करावा. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण खात्याचे शिक्षण हमी कार्ड असते. ते मुलाजवळ आहे ना, भरले आहे ना, हे पाहावे. हे झाले नाही तर पाच महिने शिकलेले मूल तिकडे जाऊन पुन्हा गैरहजरच ठरते.

कायदा आपल्या बाजूला आहे

मुलांना शाळेत नेले की कधी कधी उत्तर मिळते, दाखला आणा, जन्माचा पुरावा आणा. हे उत्तर बरोबर नाही, आणि तरुणांना ते नम्रपणे सांगता आले पाहिजे. बालकांचा शिक्षण हक्क कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. मागे पडला असेल तर त्याला खास शिकवणी देऊन बरोबरीला आणायचे आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही अडवता येत नाही. पूर्वी काही कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालत. हा कायदा आल्यावर मुलांना नेहमीच्या शाळेतच बसवावे यावर भर आला, तो योग्यच आहे.

मुले आईबापांच्या गावीच राहावीत म्हणून तिकडे हंगामी वसतिगृहेही चालतात. तसेच ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. पुढच्या हंगामाला मूल मागे ठेवता येईल काय, याची माहिती आईबापांना हंगाम संपण्यापूर्वीच द्यावी. निघायच्या दिवशी सांगून उपयोग नाही.

सोळा-सतरा वर्षांचे काय?

यांच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. चौदाच्या पुढे कायद्याचा हक्क संपतो, आणि आठवी-नववीतून सुटलेला मुलगा पुरता कोयत्याला लागतो. आपल्या मुलांच्या खऱ्या बरोबरीची हीच मंडळी. त्यांना वर्गात बसा म्हणून चालणार नाही, ती दिवसभर राबून आलेली असतात. पण १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते. फॉर्मच्या तारखा मंडळ जाहीर करते. त्या पाहून फॉर्म भरून देणे, आपली जुनी पुस्तके देणे, गणित-इंग्रजीचे अडलेले रविवारी समजावणे, एवढे बारावीतला मुलगा नक्की करू शकतो. येथे कोणी गुरुजी नाही आणि कोणी विद्यार्थी नाही. एकाने वाट पाहिली आहे, तो दुसऱ्याला दाखवतो, इतकेच.

मग ऊस तोडणार कोण?

ही शंका गट मीटिंगमध्ये हळू आवाजात निघते. ती आम्ही येथे उघड मांडतो, कारण टाळून ती जाणार नाही. ही पोरे शिकली तर उद्या कोयता कोण धरणार? ऊस फडात उभा राहील, वजन घटेल, नुकसान कोणाचे?

उत्तर सरळ आहे. शिकलेला मुलगा कोयता धरायला येणार नाही, हे खरे आहे. आपला मुलगा बी.एस्सी. झाला की फडात उतरत नाही, आणि उतरावे असे आपल्यालाही वाटत नाही. मग दुसऱ्याच्या मुलाने आपल्या उसासाठी अडाणी राहावे, असा हिशेब धरता येणार नाही. सहकाराची उभारणीच मुळी एकमेकांच्या आधाराने वर येण्यासाठी झाली. तोडणी कामगार आपला भागधारक नसला तरी आपल्या प्रत्येक टनावर त्याचा हात फिरलेला असतो.

राहिला तोडीचा प्रश्न. मजुरांची टंचाई आजही आहे आणि ती या मुलांना शाळेबाहेर ठेवून मिटलेली नाही. तिला उपाय आहे तो यंत्राचा. ऊस तोडणी यंत्र चालायचे तर साडेचार-पाच फुटी सरी लागते, लांब सरळ ओळी लागतात, बांध आडवे नकोत, शेताला ट्रॉली वळायला जागा लागते. हे सगळे लागणीच्या वेळी ठरते. तीन फुटी सरीत लागण करायची आणि तोडायला माणूस नाही म्हणून ओरड करायची, हे बरोबर नाही. तेव्हा येत्या लागणीत रुंद सरीचा विचार करावा. त्यासाठी गट ऑफिसला यावे, आखणी करून देऊ.

सभासदांनी काय करावे?

काम तरुणांनी करायचे, पाठबळ आपण द्यायचे. त्यासाठी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

एक, तळाजवळ आपली शेड, गोठ्याचा मोकळा पडवा किंवा मंदिराची ओसरी वर्गासाठी द्यावी व एक दिवा जोडून द्यावा.

दोन, आपल्या फडात चौदा वर्षांखालील मूल कोयता घेऊन किंवा मोळी उचलताना दिसले तर मुकादमाला तेथेच सांगावे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलाला कामावर ठेवण्यास सर्वच धंद्यांत बंदी आहे. ऊस आपला आहे, तेव्हा बोलण्याचा अधिकारही आपला आहे.

तीन, ज्यांची मुले गावच्या शाळेत आहेत व जे शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या बैठकीत या मुलांच्या प्रवेशाचा विषय घ्यावा.

चार, आपल्या मुलीलाही या कामाला जाऊ द्यावे. मुली नसतील तर तळावरच्या मुली वर्गाला येणार नाहीत, आणि निम्मे काम तेथेच संपेल.

पाच, मुलांच्या कामात लुडबूड करू नये. चुकतील, शिकतील. उद्घाटन, हारतुरे, भाषणे यांत त्यांचा वेळ घालवू नये.

आमच्याकडून टोळ्यांच्या उतरण्याच्या जागा, मुकादमांची नावे आणि तोडणी कार्यक्रमाप्रमाणे टोळी हलण्याची तारीख ही माहिती प्रत्येक गट ऑफिसात तरुणांना मिळेल. गावात सात मुला-मुलींचा गट तयार झाला की दोघा प्रमुखांनी टोळ्या उतरण्यापूर्वी आपल्या गटाच्या ॲग्री ओव्हरसिअरला भेटावे. बरोबर एक कोरी वही आणावी.

आपला,
ऊस विकास अधिकारी